हैदराबाद मुक्तिसंग्रामातील सैनिकांची अपुरी सेवानोंद व तिची दुरुस्ती : वालूर (जि. परभणी) परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

सैनिकाने रणभूमीवर केलेल्या कामगिरीची नोंद त्याच्या सेवापुस्तिकेत होते. त्या नोंदीच्या आधारे त्यास पदक मिळते, निवृत्तिवेतन मिळते आणि त्याच्या पश्चात कुटुंबीयांस मान मिळतो. नोंद राहून गेली असल्यास ती दुरुस्त करून घेण्याची सोय बहुतेक देशांच्या लष्करी व्यवस्थेत असते. परंतु ज्या सैनिकास सेवापुस्तिकाच नव्हती, ज्याचे नाव कोणत्याही पलटणीच्या पटावर नव्हते आणि ज्याची कामगिरी तत्कालीन राजवटीच्या दप्तरात गुन्हा म्हणून लिहिली जाण्याचाच संभव होता, त्याची नोंद दुरुस्त कशी करावयाची, हा प्रश्न मराठवाड्याच्या इतिहासात मोठ्या प्रमाणावर उपस्थित झाला. हैदराबाद मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या भूमिगत कार्यकर्त्यांचा व सीमा शिबिरांतील सशस्त्र सैनिकांचा हा प्रश्न आहे.

परभणी जिल्ह्यातील आजच्या सेलू तालुक्यात असलेले वालूर हे गाव प्राचीन बारवांसाठी परिचित आहे. १९४८ पूर्वी हे गाव निझामाच्या हैदराबाद संस्थानात होते. वालूरसारख्या गावातून लढ्यात उतरलेल्या सामान्य शेतकऱ्याची कामगिरी कोणत्या कागदावर उतरली असती, तो कागद पुढे कोठे गेला असता आणि ती कामगिरी सिद्ध करण्यासाठी त्यास कोणत्या अडचणी आल्या असत्या, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) मुक्तिसंग्रामातील सशस्त्र सहभागाच्या नोंदी अपुऱ्या राहण्याची ऐतिहासिक कारणे शोधणे.
२) स्वातंत्र्यसैनिक सन्मान योजनांतील पुराव्याच्या अटींचे या पार्श्वभूमीवर परीक्षण करणे.
३) न्यायालयीन निर्णय व अन्य देशांतील अनुभव यांच्या आधारे नोंद-दुरुस्तीची दिशा सुचविणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

हैदराबाद संस्थानात तेलंगणा, मराठवाडा व कर्नाटक असे तीन भाषिक विभाग होते. मराठवाड्यात औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद हे पाच जिल्हे येत. त्या वेळच्या परभणी जिल्ह्यात आजचा हिंगोली जिल्हा आणि आज जालना जिल्ह्यात असलेला परतूर तालुका यांचा समावेश होता. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये परतूर येथेच गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले. त्यामुळे राजकीय जागृतीचा प्रारंभ या परिसरास दूरचा नव्हता. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसची स्थापना होताच तिच्यावर बंदी आली आणि सत्याग्रहाचे पहिले पर्व सुरू झाले. त्याच सुमारास, म्हणजे १९३८-३९ मध्ये, आर्य समाजाचाही सत्याग्रह झाला. स्टेट काँग्रेसवरील बंदी १९४६ मध्ये उठली.

७ ऑगस्ट १९४७ रोजी स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघराज्यात सामील होण्याच्या मागणीसाठी अंतिम लढा सुरू झाला. १५ ऑगस्टला देश स्वतंत्र झाला, पण हैदराबाद संस्थान बाहेरच राहिले. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकार व निझाम यांच्यात जैसे थे करार झाला. तरीही कासीम रझवी यांच्या रझाकार संघटनेचा जोर वाढत गेला. स्वामीजी तुरुंगात असताना लढ्याचे संचालन दिगंबरराव बिंदू, गोविंदभाई श्रॉफ आदी नेत्यांच्या कृती समितीने संस्थानाबाहेरून केले. मनमाड, सोलापूर, बार्शी, उमरखेड, वाशीम या भागांत सीमा शिबिरे उभी राहिली. अखेर १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याने कारवाई सुरू केली आणि १७ सप्टेंबरला निझामाने शरणागती पत्करली.

सेलू परिसराच्या दृष्टीने येथे एक भौगोलिक बाब महत्त्वाची ठरते. हैदराबाद–गोदावरी खोरे लोहमार्ग विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून सिकंदराबाद ते मनमाड असा धावत होता आणि सेलू हे त्यावरील स्थानक होते. मनमाड संस्थानाच्या हद्दीबाहेर, मुंबई प्रांतात होते. म्हणजे या भागातील कार्यकर्त्यास शिबिराकडे नेणारा सरळ मार्ग रेल्वेचा होता. पण तो मार्ग पोलिसांच्या व रझाकारांच्या नजरेखालचाही होता. उत्तरेकडे वऱ्हाडच्या हद्दीतील वाशीम व उमरखेडकडे जाणाऱ्या पायवाटा अधिक सुरक्षित, पण अधिक लांबच्या होत्या. कोणत्याही वाटेने गेलेला माणूस आपल्यामागे कागद राहू नये याचीच काळजी घेत असे.

लढ्याचे स्वरूप आणि नोंदींचा अभाव :

भूमिगत चळवळीचा पहिला नियमच असा की, नावे लिहून ठेवू नयेत. शिबिरात आलेला तरुण बहुधा टोपणनावाने ओळखला जाई. हत्यारे कोणाकडे दिली, कोणत्या नाक्यावर कोण गेले, याची यादी शत्रूच्या हाती लागली असती तर त्या तरुणाच्या गावातील कुटुंबावर संकट आले असते. त्यामुळे नोंद न ठेवणे ही त्या काळातील युद्धनीती होती. पुढे हाच गुण दोष ठरला.

दुसरे कारण याहून विलक्षण आहे. संस्थानी सत्तेची यंत्रणा खिळखिळी करणे हा लढ्याचा कार्यक्रम होता. करोडगिरी नाके उद्ध्वस्त करणे, शिंदीची झाडे तोडणे, जंगल सत्याग्रह करणे, लेव्ही देण्यास नकार देणे आणि पाटील-पटवाऱ्यांची दप्तरे जाळणे ही कामे गावोगावी झाली. म्हणजे ज्या दप्तरात पुढे आपल्या कामगिरीचा अप्रत्यक्ष पुरावा सापडला असता, तेच दप्तर कार्यकर्त्यांनी कर्तव्य म्हणून नष्ट केले. जेथे लढा अधिक तीव्र, तेथे कागद अधिक नष्ट, असा हा विपरीत संबंध आहे.

तिसरे कारण गुन्ह्याच्या व्याख्येत आहे. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील बँकेवर मुक्तिसैनिकांनी हल्ला करून लढ्यासाठी निधी मिळविला. मराठवाड्याच्या इतिहासात ही घटना पराक्रम म्हणून गौरविली जाते. पण तत्कालीन कायद्याच्या भाषेत तो दरोडाच होता. अशा कृतीत सहभागी झालेल्या व्यक्तीचे नाव पोलीस दप्तरात आले असले, तरी ते राजकीय कैदी म्हणून येण्याची शक्यता कमी होती. पुढे अर्ज छाननारा अधिकारी कलम पाहतो, हेतू पाहत नाही. सेवानोंदीची दुरुस्ती म्हणजे येथे केवळ राहून गेलेले नाव घालणे नव्हे, तर असलेल्या नोंदीचा अर्थ बदलणे होय.

स्त्रियांच्या बाबतीत हा अभाव अधिक जाणवतो. बदनापूरजवळील धोपटेश्वर येथील दगडाबाई शेळके यांनी प्रत्यक्ष शस्त्र हाती घेतले आणि त्यांचे नाव लोकस्मृतीत राहिले. पण निरोप पोहोचविणाऱ्या, भूमिगतांस भाकरी देणाऱ्या, घरात हत्यारे लपविणाऱ्या असंख्य स्त्रियांना ना अटक झाली, ना त्यांच्यावर वॉरंट निघाले. नोंदीच्या दृष्टीने त्या लढ्यात नव्हत्याच.

निझामकालीन दप्तर : भाषा, नाव व कालगणना :

ज्या नोंदी शिल्लक राहिल्या त्या वाचणेही सोपे नाही. संस्थानचा कारभार उर्दूत चाले. उर्दू लेखनात ऱ्हस्व स्वर बहुधा लिहिले जात नाहीत. शिवाय एकच चिन्ह ऊ आणि ओ अशा दोन्ही स्वरांसाठी येते. त्यामुळे 'वालूर' हे नाव 'वालोर' असेही वाचता येते. मराठी आडनावांची स्थिती याहून बिकट. अनेक नोंदींत आडनाव नसून नाव, बापाचे नाव, जात व मौजे एवढेच असे. पुढे देवनागरीत अर्ज करताना लिहिलेले नाव आणि मूळ नोंदीतील नाव जुळले नाही की, 'नावात तफावत' एवढ्या एका शेऱ्यावर प्रकरण थांबे.

कालगणनेचा घोळ याहून गंभीर आहे. संस्थानात फसली सन चालू होता. तो ऑक्टोबरच्या प्रारंभी आजूर महिन्याने सुरू होई. १३५७ फसली हे वर्ष ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८ असे येते. म्हणजे फसली सनात ५९० मिळविले असता वर्षारंभीचा इसवी सन मिळतो. पण जानेवारी ते सप्टेंबर या काळातील दिनांकासाठी ५९१ मिळवावे लागतात. हा फरक लक्षात न घेता रूपांतर केल्यास फेब्रुवारी १९४८ मधील अटक फेब्रुवारी १९४७ मध्ये दाखविली जाईल आणि अर्जदाराने शपथपत्रात दिलेल्या दिनांकाशी ती विसंगत ठरेल. खरे बोलणारा मनुष्य अशा वेळी कागदावर खोटा ठरतो.

१९५६ चे विभाजन व दप्तरांची विखुरणी :

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली आणि हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात, गुलबर्गा, रायचूर व बीदर म्हैसूर राज्यात आणि तेलंगणा आंध्र प्रदेशात गेला. १ मे १९६० रोजी मराठवाडा महाराष्ट्राचा भाग झाला. परंतु मुक्तिसंग्रामातील कैदी केवळ परभणी किंवा औरंगाबादच्या तुरुंगात नव्हते. हैदराबाद, गुलबर्गा, वरंगल, निझामाबाद येथील तुरुंगांतही त्यांना ठेवण्यात आले होते. माणूस परभणीचा, तुरुंग गुलबर्ग्याचा आणि मध्यवर्ती दप्तर हैदराबादचे, अशी स्थिती झाली. २०१४ मध्ये तेलंगणा राज्य वेगळे झाल्यावर या व्यवहारात आणखी एक प्रशासन आले. नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला अर्जदाराच्या राज्याने द्यावयाचा, पण नोंद असण्याचा संभव दुसऱ्याच राज्यात, हा पेच त्यातून निर्माण झाला.

सन्मान योजना व पुराव्याच्या अटी :

स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त १५ ऑगस्ट १९७२ पासून केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतन योजना लागू केली. त्याच सुमारास ताम्रपट देऊन स्वातंत्र्यसैनिकांचा गौरव झाला. १ ऑगस्ट १९८० पासून ही योजना अधिक उदार करून तिला स्वातंत्र्यसैनिक सन्मान निवृत्तिवेतन योजना असे नाव देण्यात आले व उत्पन्नाची अट काढून टाकण्यात आली. आर्य समाजाच्या १९३८-३९ च्या सत्याग्रहास या योजनेखाली १९८५ मध्ये मान्यता मिळाली. हैदराबाद विलीनीकरणाच्या लढ्यातील सीमा शिबिरांचे दावे तपासण्यासाठी पुढे छाननी समितीची व्यवस्था झाली.

योजनेच्या अटी स्पष्ट होत्या. किमान सहा महिने कारावास, स्त्रिया तसेच अनुसूचित जाती-जमातींसाठी तीन महिने. अथवा सहा महिन्यांहून अधिक काळ भूमिगत अवस्था, आणि तीही फरारी म्हणून घोषित झाल्यामुळे, पकडून देण्यासाठी बक्षीस लागल्यामुळे किंवा स्थानबद्धतेचा आदेश निघूनही तो बजावता न आल्यामुळे. पुरावा म्हणून तुरुंगाचा अथवा न्यायालयाचा कागद हवा. तो नसल्यास नोंद उपलब्ध नसल्याच्या दाखल्यासह सहबंदीचे प्रमाणपत्र, आणि भूमिगतांसाठी प्रदीर्घ कारावास भोगलेल्या नामवंत स्वातंत्र्यसैनिकाचे वैयक्तिक माहितीचे प्रमाणपत्र. महाराष्ट्र शासनाच्या स्वतंत्र योजनेत ४ जुलै १९९५ च्या शासन निर्णयाने भूमिगतांसाठी शपथपत्रे व पुराव्यांची पद्धत निश्चित केली. जिल्हा पातळीवर गौरव समिती व राज्य पातळीवर उच्चाधिकार समिती अशी छाननीची रचना होती.

या अटी ब्रिटिश हिंदुस्थानातील सत्याग्रहीस समोर ठेवून घडलेल्या दिसतात. तेथील सत्याग्रही उघडपणे कायदा मोडत असे, त्याच्यावर खटला चाले, शिक्षा होई आणि तुरुंगाच्या वहीत नोंद राही. सीमा शिबिरातील सैनिकाचे यश नेमके याच्या उलट, म्हणजे पकडले न जाण्यात होते. जो सापडला त्याचा पुरावा राहिला. जो शेवटपर्यंत लढत राहिला त्याचा राहिला नाही.

सहा महिन्यांच्या अटीचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. १५ ऑगस्ट १९४७ ते १७ सप्टेंबर १९४८ हा काळ अवघा तेरा महिन्यांचा आहे. सहा महिने पूर्ण होण्यासाठी कार्यकर्ता १७ मार्च १९४८ पूर्वी तुरुंगात गेलेला किंवा भूमिगत झालेला असणे आवश्यक ठरते. लेव्ही, पेरणी व सुगी यांच्या चक्रात अडकलेला शेतकरी रब्बीची रास झाल्यावर, एप्रिलमध्ये घर सोडून शिबिरात दाखल झाला असेल, तर लढा संपेपर्यंत त्याचे साडेपाच महिनेच भरतात. १९४८ चा उन्हाळा व पावसाळा हा रझाकारांच्या अत्याचारांचा सर्वात कठीण काळ होता. त्या काळात उतरलेल्या सैनिकाची कामगिरी कमी धोक्याची नव्हती, केवळ कमी दिवसांची होती.

न्यायालयीन दृष्टिकोन :

या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय मार्गदर्शक आहेत. मुकुंदलाल भंडारी विरुद्ध भारत सरकार या १९९३ च्या प्रकरणातील अर्जदार हैदराबाद संस्थानातील आर्य समाज चळवळीत सहभागी झालेले होते. अर्ज उशिरा आला एवढ्या कारणावरून तो फेटाळता येणार नाही, कारण योजनेचा उद्देश गौरव करणे हा आहे, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. गुरदयालसिंग विरुद्ध भारत सरकार या २००१ च्या निर्णयात फौजदारी खटल्याप्रमाणे निःसंशय पुरावा न मागता संभाव्यतेच्या कसोटीवर दावा तपासावा, असे तत्त्व मांडले गेले.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. बीड जिल्ह्यात बनावट स्वातंत्र्यसैनिकांच्या तक्रारी आल्या व न्यायमूर्ती पालकर यांच्याकडून चौकशी झाली. हे प्रकरण भाऊराव दगडू परळकर विरुद्ध महाराष्ट्र शासन या नावाने सर्वोच्च न्यायालयात गेले. फसवणुकीने मिळविलेला लाभ टिकू शकत नाही, हे तत्त्व २००५ च्या या निर्णयात अधोरेखित झाले. प्रमाणपत्रांवर विसंबणारी पद्धत शिथिल केली की बनावट नावे शिरतात आणि कठोर केली की खरी नावे बाहेर राहतात. बनावट नावाने शासनाच्या तिजोरीचे नुकसान होते, त्याचबरोबर खऱ्या सैनिकाकडे पाहण्याची समाजाची दृष्टीही संशयाची होते. हे नुकसान भरून न निघणारे आहे.

अन्य देशांतील अनुभव :

अमेरिकेत १९४६ च्या कायद्याने लष्करी नोंदींच्या दुरुस्तीसाठी नागरी मंडळांची तरतूद केली. सैनिक किंवा त्याचा वारस अर्ज करून राहून गेलेले पदक नोंदवून घेऊ शकतो. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुई येथील लष्करी अभिलेखागारास लागलेल्या आगीत सुमारे १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सैनिकांच्या नस्त्या नष्ट झाल्या. त्यानंतर तेथील प्रशासनाने पगारपत्रके, तुकड्यांचे दैनिक अहवाल, रुग्णालयीन कागद अशा दुय्यम साधनांतून सैनिकांची सेवानोंद पुन्हा उभी केली. दुसऱ्या महायुद्धात वर्णभेदामुळे डावलल्या गेलेल्या सैनिकांच्या बाबतीत शासनाने स्वतः जुनी प्रकरणे काढून तपासली. १९९७ मध्ये ७ कृष्णवर्णीय सैनिकांना आणि २००० मध्ये आशियाई वंशाच्या २२ सैनिकांना सर्वोच्च शौर्यपदक देण्यात आले. त्यांपैकी बहुतेकांना ते मरणोत्तर मिळाले. भारतातही २००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण स्थापन होऊन नियमित सैनिकास सेवाविषयक तक्रारीसाठी स्वतंत्र व्यासपीठ मिळाले.

या उदाहरणांतून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली, मूळ कागद नष्ट झाला म्हणून चौकशी संपत नाही. दुय्यम साधनांची जुळणी करता येते. दुसरी, पुराव्याचा सर्व भार वृद्ध अर्जदारावर न टाकता शासन व अभ्यासक स्वतः शोध घेऊ शकतात.

नोंद-दुरुस्तीची दिशा :

आज मुक्तिसंग्रामातील बहुतेक सैनिक हयात नाहीत. निवृत्तिवेतनाचा प्रश्न हयात जोडीदार व योजनेत बसणाऱ्या अविवाहित मुली यांच्यापुरता उरला आहे. परंतु नावाचा प्रश्न संपलेला नाही. वसमत येथील महाविद्यालयास हुतात्मा बहिर्जी शिंदे यांचे नाव दिले गेल्यामुळे त्यांची स्मृती पिढ्यान्‌पिढ्या टिकली. ज्यांचे स्मारक नाही त्यांच्यासाठी ग्रामपातळीवरील नोंदवही हेच स्मारक ठरू शकते.

वालूरसारख्या गावासाठी अशी नोंदवही तयार करताना तीन थरांची पद्धत उपयुक्त ठरेल. पहिल्या थरात संस्थानी कागद : तुरुंगाच्या वह्या, पोलीस दप्तर, जप्तीचे आदेश. दुसऱ्या थरात चळवळीचे कागद : शिबिरांचा पत्रव्यवहार, समकालीन वृत्तपत्रे, नेत्यांची आत्मकथने. तिसऱ्या थरात मौखिक परंपरा : कुटुंबांतील आठवणी, गावातील कथने. कोणत्याही नावापुढे ते कोणत्या थरातील पुराव्यावर आधारलेले आहे, हे लिहावे. तीनही थरांत आढळणारे नाव निश्चित, दोन थरांत आढळणारे संभाव्य आणि एकाच थरात आढळणारे नाव नोंद घेऊन पुढील शोधासाठी खुले ठेवावे. यामुळे खरे नाव पुसले जात नाही आणि बनावट नाव प्रमाण ठरत नाही.

अशी नोंदवही एकाच बाजूची असू नये. लष्करी कारवाईनंतर संस्थानातील मुस्लिम जनतेवर झालेल्या हिंसाचाराची चौकशी पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केली होती. तिचा अहवाल अनेक दशके प्रकाशात आला नाही. राहून गेलेल्या पराक्रमाची नोंद घेणाऱ्या गावाने राहून गेलेल्या दुःखाचीही नोंद घेणे, हे इतिहासाशी प्रामाणिक राहणे होय.

निष्कर्ष :

१) मुक्तिसंग्रामातील सशस्त्र सैनिकांच्या नोंदी अपुऱ्या राहिल्या, त्यास भूमिगत पद्धती, दप्तरांचा नाश, भाषा व कालगणनेतील तफावत आणि १९५६ चे विभाजन ही प्रमुख कारणे आहेत.
२) सन्मान योजनांच्या अटी कारावासकेंद्री असल्याने न सापडलेला सैनिक सापडलेल्या सैनिकापेक्षा पुराव्याच्या दृष्टीने दुर्बळ ठरला.
३) सहा महिन्यांची अट तेरा महिन्यांच्या लढ्यास लागू करताना १९४८ च्या उन्हाळ्यात व नंतर सामील झालेल्यांवर अन्याय होण्याचा संभव राहिला.
४) संभाव्यतेची कसोटी व बनावटगिरीस प्रतिबंध ही न्यायालयांनी सांगितलेली दोन्ही तत्त्वे थरवार पुराव्याच्या पद्धतीने एकत्र पाळता येतात.
५) उर्दू व मोडी जाणणाऱ्या अभ्यासकांची संख्या घटत असल्याने महाविद्यालयीन इतिहास विभागांनी हैदराबाद, गुलबर्गा व मराठवाड्यातील दप्तरांचा शोध तातडीने हाती घेणे आवश्यक आहे.

मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा अमृतमहोत्सव २०२३ मध्ये पूर्ण झाला. ज्यांच्या आठवणीवर तिसरा थर उभा राहावयाचा, ती पिढी मावळतीस आली आहे. कागद काही काळ वाट पाहू शकतो, माणूस पाहू शकत नाही. म्हणून या कामात प्रथम गावातील वृद्धांकडे आणि त्यानंतर अभिलेखागाराकडे जाणे हाच योग्य क्रम ठरतो.